सहावी चिठ्ठी

स्फाक्सच्या ऑलिव्ह बागेतले पाच म्हातारे झाडाभोवती एक फेरी मारून, नुसत्या नजरेने, वर किती किलो फळ आहे ते सांगत. पाचांच्या अंदाजांची सरासरी कुणाही एकाच्या अंदाजापेक्षा खऱ्याच्या किती जवळ जाते, हे दुर्रा मोजत होती. तिचे वडील जिलानी त्या पाचांतलेच.

प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता आकडा लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचा. तीन दिवसांत तीन झाडं झाली आणि तिन्ही वेळा चिठ्ठ्या सहा निघाल्या. पाचांची सरासरी दोन-तीन किलोंनी चुकायची. सहावीवरचा आकडा मात्र फळ उतरवून तोललं की किलोला किलो जुळायचा.

"खमाइसकाका, दोनदा टाकता ना?"

"एकदा लिहायला चष्मा सापडत नाही, पोरी," खमाइस म्हणाला. "आता फळं पुरेत. उद्या आम्हा पाचांतले किती येतील ते विचार. तुझा बाप तर शिडीपाशीच धापा टाकतोय."

"तुला पुरून मगच येईन," जिलानी म्हणाले.

सगळे हसले आणि लिहायला बसले. या वेळी दुर्राने डबा मांडीवर धरला, आत गेलेले पाच हात मोजले आणि झाकण दाबून लावलं.

पाच चिठ्ठ्यांवर पाच. सहावीवर चार.

"काय निघालं गं?" वडिलांनी छाती चोळत विचारलं.

"पाच, बाबा."

कोण येणार नाही, हे तिने तोंडाने विचारलं नव्हतं. मनात मात्र आलं होतं.

डब्याच्या तळाशी आता सातवी चिठ्ठी होती.