एका रेषेत

सकाळी साडेदहाला चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणारा प्रेस खाली आला आणि ऑपरेटर बन्सी यांचा उजवा हात मनगटापासून गेला. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर प्रोग्राममधल्या एका ओळीनेच बंद केलेला होता. ती ओळ सर्वांत शेवटी बदलणाऱ्याचं नाव कॉम्प्युटरने दाखवलं: प्रोग्रामर तनुजा.

"मी सेन्सर बंद केला नाही, सर," तनुजा चौकशी समितीला म्हणाली. "प्रोग्राम लिहायच्या एडिटरमधल्या प्लगइनने सगळी '=' ही चिन्हं एकाखाली एक आणली. नुसत्या मोकळ्या जागा वाढल्या, पण तेवढ्यानेही ओळ माझ्या नावावर चढते."

"म्हणजे काम नसताना अख्खी फाइल बदललीस?"

"आमच्या विभागाच्या प्रीतम सरांनी सांगितलं. 'उद्या ऑडिट आहे, गबाळं दिसायला नको. एकही ओळ सोडू नकोस,' म्हणाले. माझ्या आधी ती ओळ कोणी बदलली, ते जुन्या नोंदींत निघेल. तेवढं बघा, सर."

बाहेर बाकावर बन्सींची बायको पुतळाबाई बसली होती. "त्या पोरीला माझ्याम्होरं आना," ती शिपायाला म्हणत होती. "इचारते तिला, आता भाकरी कोन्त्या हातानं मोडायची त्यांनी?"

समितीने तनुजाची मागणी लगेच मान्य केली.



नोंदी काढून देण्याचं काम विभागप्रमुख प्रीतम यांच्याकडे सोपवलं असून, त्या अद्याप मिळालेल्या नाहीत.