काळोखाची वेगळी आवृत्ती

अंधार हेच अंतिम सत्य आहे, यावर 'काळोख' या गॉथिक मेटल बँडचं एकमत होतं. तेवढं सोडलं तर सगळे कंपनीच्या बसने वेळेवर हिंजवडीला जात. अपवाद फक्त ड्रमर अल्ताफचा. त्याच्या भोसरीच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी, म्हणून बाकीचे एका गुरुवारी आजारी पडले आणि गायिका उत्कर्षाच्या विश्रांतवाडीतल्या फ्लॅटवर, ऑफिसच्या लॅपटॉपवर सीडी रेकॉर्ड झाली. चार गाणी: दोन परदेशी बँडची, दोन स्वतःचीच, वेगळ्या रूपात.

पहिलीवहिली मुलाखत घ्यायला नम्रता नावाची पत्रकार आली.

"शेवटच्या गाण्यात मध्येच गिटार, कीबोर्ड सगळं गप्प होतं. उरतात फक्त ड्रम आणि तुमचा आवाज. काटा आला हो अंगावर! हे सुचलं कसं?"

उत्कर्षाने डोळे मिटले. "कसंय, माणूस शेवटी एकटाच असतो. ती पोकळी आम्हाला..."

"अगं, गुरुवार नव्हता का तो?" अल्ताफ म्हणाला.

नम्रताने पेनाला टोपण लावलं. तीही विश्रांतवाडीचीच. तिथे दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते.