मागच्या चाकाची पट्टी

“हात बधिर होतात का?” कारागिराने विचारलं.

“डावा होतो. दीडशे किलोमीटर झाले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट,” बायको म्हणाली.

नवरा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि या दोन बोटांची बातमी त्याला आज, एका परक्या माणसाबरोबर, कळत होती. तो उगाच आपल्याच करंगळीकडे बघायला लागला.

माप घेण्याची सायकल जमिनीत पक्की रोवलेली होती. तिचं सीट, हँडल, सगळं पुढेमागे सरकत होतं आणि बायको तिच्यावर ऐटीत बसली होती. कारागीर टेप लावायचा, कानावरची पेन्सिल काढून कागदावर आकडा लिहायचा आणि पेन्सिल परत कानावर ठेवायचा. एका दमात चारशे, सहाशे किलोमीटर जायची सायकल बनवून घ्यायची होती. बाजारातली नाही, हिच्याच हाडापेराच्या मापाची.

“हँडल दोन सेंटिमीटर वर घ्या काका. डॉक्टर म्हणत होते, हाताला आराम पडेल.”

“कोण डॉक्टर?” नवऱ्याने विचारलं.

“आमच्या ग्रुपमधले. सांगितलं होतं की तुला.”

“कसले डॉक्टर आहेत?”

“गुरांचे.”

कारागिराला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. गुरांच्या डॉक्टरला आपल्या बायकोच्या करंगळीत काय एवढा रस, हे त्याला विचारायचं होतं. पण कारागिरासमोर शोभा नको होती.

“दिवे?”

“दोन्ही दिवे पुढच्या चाकातल्या डायनॅमोवर. पुढचा लांबवर पडणारा. मागचा मात्र लुकलुकणारा नको, एकसारखा पेटणारा द्या. मागच्याच्या डोळ्यांना त्रास होतो.”

“ट्रकवाल्यांची बरी काळजी आहे तुला,” नवरा म्हणाला.

“ट्रकवाल्यांना कशाला त्रास होईल? रात्रभर जो चाकाला चाक लावून येतो, त्याला होतो.”

तिने हे पत्ता सांगावा इतक्या सहज सांगितलं. त्यात लपवाछपवी असती तर नवऱ्याला भांडता तरी आलं असतं. मग हँडलवरच्या पिशवीचं निघालं. ती मोठी हवी, दोघांचं खाणं मावेल एवढी, कारण डॉक्टरांच्या सायकलला पुढे पिशवी बसत नाही. नवरा मनात मोजत होता. डॉक्टर दुसऱ्यांदा. टायर जाड हवेत, डॉक्टरांनी पातळ लावले आणि पस्तावले. तिसऱ्यांदा. घरी या माणसाचं नाव वर्षातून एकदा निघालं असेल आणि इथे तो अर्ध्या सायकलवर बसलेला होता.

“आणि मागच्या मडगार्डला रबरी पट्टी लावा,” ती उतरता उतरता म्हणाली. “लांब. जमिनीपासून चार बोटं वर.”

कारागिराची पेन्सिल थांबली. “ताई, त्या पट्टीचा तुम्हाला काही उपयोग नाही.”

“माहितीये.”

त्याने लिहून घेतलं. मग भिंतीला टेकवलेली स्वतःची सायकल पुढे केली. “तुम्ही म्हणता तेच सीट आहे हिला. दोन-चार चकरा मारून या, म्हणजे ते एकदाचं ठरेल.”

ती गेली. खोलीत धातूचा आणि तेलाचा वास उरला. नवरा उठून टेबलापाशी आला आणि कागदाकडे बघत म्हणाला, “मग कुणाला असतो उपयोग? पट्टीचा.”

“मागच्याला, साहेब. पावसात पुढच्याच्या चाकाचं चिखलपाणी थेट मागच्याच्या तोंडावर उडतं. पट्टी लांब असली की तो कोरडा राहतो.” कारागिराने टेप गुंडाळला. “सगळे नाही लावत. ज्याला मागच्याची काळजी असते, तो लावतो.”

नवरा खिडकीकडे वळला. बाहेर ती चक्कर मारत होती, पाठ सैल, मान वर. आपल्यावर पाणी उडू नये म्हणून तिने शेवटचं काय केलं होतं, ते तो आठवायला लागला. काही आठवेना. त्याचा जळफळाट झाला, आणि तो एका रबराच्या तुकड्यावर होतोय हे कळूनही कमी होईना.

“पट्टी आखूड करा,” तो म्हणाला.

“किती?”

“नसली तरी चालेल. मी बोललो म्हणून तिला सांगू नका.”

कारागिराने चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खोडरबर घेतलं, पण ते कागदाला लावलं नाही.

“करतो की. मला काय, तेवढंच काम कमी. पण साहेब, तोंडावर पाणी यायला लागल्यावर कोण मागे राहील? तो पुढे येऊन शेजारी लागणार. मग काय, सहाशे किलोमीटर जोडीने, गप्पा मारत. पट्टी लांब असली की माणूस मागे गुमान चालवत राहतो.”

ती खिडकीसमोरून गेली. आत बघून तिने हात केला, तोच डावा. नवऱ्यानेही हात केला.

“चार बोटं म्हणाली ना ती?” तो कारागिराला म्हणाला. “दोन लिहा. जमिनीपासून दोनच बोटं वर.”