जरा बाजूला व्हा

"दादा, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

मी "सॉरी" म्हणालो आणि बाजूला झालो.

खाडीत होडी बुडाली होती. माझी पिशवी वाहत धक्क्याला लागली होती आणि ती छातीशी धरून माझी बायको हंबरडा फोडत होती. पिशवी होडीत ठेवून मी पैलतीरी पान आणायला उतरलो, तेवढ्यात होडी सुटली. मी रस्त्याने वळसा घालून आत्ता पोचलो होतो, हे तिला कुठे माहीत!

"अहो, ती माझ्यासाठीच रडतेय," मी फोटोवाल्याला म्हणालो.

"मग हळू बोला! तिने वळून पाहिलं तर सगळं जाईल." त्याचेही डोळे भरले होते. "वीस वर्षांत इतकं खरं रडणं पाहिलं नाही हो."

मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच तिने खाडीकडे बघत मला नावाने हाक मारली. अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. मग दुसऱ्यांदा. मी थांबून ऐकत राहिलो. कॅमेरा अकरा वेळा वाजला.

फोटोला बक्षीस मिळालं. आमच्या भिंतीवर तो आहे. कडेला माझं कोपर आलंय. त्यावर बोट ठेवून ती अजून विचारते, "अहो, इतक्या जवळ होतात?"