दुधाच्या पिशव्यांची पिशवी

मुलांनो, दुधाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, त्यांच्या लांब पट्ट्या कापून, कोणी क्रोशाच्या सुईने बाजाराची पिशवी विणते आहे, असे डोळ्यांसमोर आणा. नागपूरच्या एका इस्पितळात खाटेवर बसून चंदाची आई तशी पिशवी विणत होती.

"आई, घरी कवा येशीन वं?" चंदा रोज विचारायची.

"हे पिशवी झाली का येतो."

"मंग लवकर विण ना!"

"तू दूधच पेत नाहीस, त पट्ट्या कुठून आणू मी?"

दुधाला नाक मुरडणारी चंदा सकाळ-संध्याकाळ पेला रिकामा करू लागली आणि धुतलेल्या पिशव्या बाबांबरोबर इस्पितळात पाठवू लागली.

महिना संपायच्या आत आई गेली. तिचे राहिलेले सामान आणायला गेलेले बाबा संध्याकाळी परतले, तेव्हा त्यांच्या हातात बंद लावून पुरी झालेली पिशवी होती.

"शेजारच्या खाटेवरच्या भीमाबाईनं पुरी करून देली," ते म्हणाले. "आता तू वापरजो, बेटा."

 

चंदाने पिशवी मांडीवर घेतली, विणीची शेवटची गाठ शोधून सोडली आणि ती पिशवी उसवू लागली.