मागच्या रांगेतला माणूस

हिल्डाने हात वर केला आणि पबच्या मागच्या खोलीत हशा पिकला.

“हिचे आपले दरवर्षी पहिले पाढे पंचावन्न,” क्लाइव्ह म्हणाला. “नाव घेऊच नकोस. स्कारबरोचा कार्यक्रम.”

“तोच,” हिल्डा म्हणाली.

एवन थ्रेलच्या वाढदिवसाच्या आसपासच्या शनिवारी दुपारी त्याचे चाहते व्हिटबीच्या बंदरावरच्या या पबमध्ये जमत. एवन जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोळ्यांच्या जुन्या चाली आणि विजेची गिटार यांची मोट बांधून हा गडी गाणी रचायचा. तो फार मोठा कधी झाला नाही, पण ज्यांचा झाला त्यांचा कायमचा झाला. कार्यक्रम टेप करायला त्याने कधी कुणाला अडवलं नाही. अट एकच घातली: टेप सगळ्यांनी मिळून ऐकायची, तिची नक्कल करायची नाही आणि घरी न्यायची नाही. एकट्याने घ्यायला गाणं म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे, असं तो म्हणे. मंडळींनी ते वेदवाक्य मानलं. कॅसेटी पबच्या कपाटात असत आणि किल्ली क्लाइव्हच्या खिशात.

प्रत्येकाने आपलं आवडतं गाणं निवडायचं, त्या कार्यक्रमाची आठवण सांगायची आणि मग टेप लावायची, अशी रीत होती. बेरिलने दरवर्षीप्रमाणे लीड्सची आठवण सांगितली. मध्येच वीज गेली, एवन टेबलावर चढला आणि माइकशिवाय गायला. मग हिल्डाची पाळी आली.

“मला उशीर झाला होता,” ती म्हणाली. “बस चुकली. पोहोचले तेव्हा गाणं चालू होतं.”

“मग?”

“मग बसले.”

पुन्हा हशा. हिल्डाची आठवण एवढीच असे. ती कधी एखादी ओळ गुणगुणत नसे, कुठलं गाणं कोणत्या वर्षीचं या वादात पडत नसे. पण धुकं असो की बर्फ, ती चुकली नाही. नवरा, विल्फ, गेला त्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा आली. एकटी बाई, तेवढाच विरंगुळा, असं सगळ्यांनी धरून चाललं आणि तिला सामावून घेतलं. ते खोटंही नव्हतं. आठवडाभर तिच्याशी बोलायला पाववाल्या बाईखेरीज कुणी नसे. शेजारच्या खुर्चीवर ती आपला कोट ठेवी, आणि खोली कितीही भरली तरी तो तिथून हलत नसे.

तिची ती स्कारबरोची टेप मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत सलायची. शेवटच्या कडव्याआधी एवन थांबतो, श्वास घेतो, सभागृह चिडीचूप होतं, आणि नेमका तेव्हाच मागच्या रांगेतून कुणीतरी बोंबलतो, “इकडे! ए, इकडे! जागा धरलीय तुझी!” एवनने ते गाणं इतकं छान पुन्हा कधीच गायलं नव्हतं, आणि त्याची या गाढवाने माती केली.

“तो मेला हाती लागू दे एकदा,” बेरिल म्हणाली. हेही ती दरवर्षी म्हणे.

“आता त्याची गरज नाही,” नॉर्मन म्हणाला. त्याचा जन्म रेडिओत ध्वनिमुद्रण करण्यात गेला होता, आणि निवृत्तीनंतर वर्षभर याच खोलीत खपून त्याने सगळ्या टेपांतला गोंगाट पुसून नव्या टेपा केल्या होत्या. त्याने बटण दाबलं. एवनचा आवाज समोर बसल्यासारखा आला. शेवटचं कडवं जवळ आलं. एवन थांबला, त्याने श्वास घेतला. शांतता. मग कडवं सुरू झालं.

मंडळींनी टाळ्या पिटल्या. हिल्डा खुर्चीतून उठली.

“जुनी कुठे आहे?” तिने विचारलं.

क्लाइव्हने दाराजवळच्या खोक्याकडे बोट दाखवलं. एका गाण्याच्या दोन टेपा म्हणजे नक्कलच झाली, म्हणून जुन्या ठेवायच्या नाहीत आणि आजच मागच्या अंगणात सगळ्या हातोडीने फोडायचं ठरलं होतं.

“ती मला दे.”

“घरी न्यायला? हिल्डा, एवनला शब्द दिलाय आपण.”

“आजवर कधी काही मागितलंय मी?”

“नाही. म्हणूनच नाही म्हणताना जड जातंय.”

नॉर्मन दुखावला. “अगं, नवी शंभरपट चांगली आहे. खरकट्यासाठी काय हट्ट धरतेस?”

हिल्डा काय सांगणार? सांगितलं असतं तर बिचारे वरमले असते, आणि पुढच्या वर्षापासून तिच्याशी हळू आवाजात बोलू लागले असते. तिला ते नको होतं.

हातोडीआधी एकेक ग्लास व्हावा म्हणून मंडळी बाहेर बारवर गेली. हिल्डाने कोट चढवला, खोक्यात हात घातला आणि कॅसेट पिशवीत टाकली. मान वर केली तर दाराच्या चौकटीतून, बारमागच्या आरशात, क्लाइव्ह तिच्याकडेच पाहत होता. मग त्याने बेरिलला विचारलं, तुला बिअर की सायडर.

चढ चढून ती घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. तिने चहाचं आधण ठेवलं, वरच्या फळीवरचा कॅसेट प्लेअर काढून पुसला आणि टेबलावर ठेवला. बटण दाबलं. एवन थ्रेल गाऊ लागला. हिल्डाने गाणं सरळ पुढे पळवलं. जरा ऐकलं, आणखी पळवलं.

एवन थांबला. त्याने श्वास घेतला.

“इकडे! ए, इकडे! जागा धरलीय तुझी!”

हिल्डाने टेप बंद केली, खुर्ची ओढली आणि बसली.

“आले रे, विल्फ,” ती म्हणाली. “बस चुकली.”