सुकत जाणारा र

नव्व्याण्णव साली राजनंदिनीने शनिवार पेठेतल्या आपल्या डीटीपीच्या दुकानात एक फॉन्ट तयार केला. पाट्या रंगवणाऱ्या नासिरभाईंकडून ब्रशने अक्षरं काढून घेतली आणि प्रत्येक अक्षर एकदाच स्कॅन केलं. म्हणजे सगळे र सारखेच यायला हवेत. पण त्याच फॉन्टमध्ये छापलेल्या वाघोलीच्या बिल्डरच्या जाहिरातीत प्रत्येक ओळ शेवटाकडे फिकट, खरबरीत होत गेली होती. कार्ट्रिज तर कालच बदललेलं.

ऑपरेटर दिग्विजयने फॉन्टच्या फाइलमध्ये काहीतरी बदललं असावं, असा तिला संशय आला.

“त्या फाइलचा पासवर्ड तुमच्याकडेच असतो, मॅडम,” तो कोरडेपणाने म्हणाला.

मग तिने नासिरभाईंना बोलावलं. त्यांनी कागद उजेडात धरला.

“ताई, इथं ब्रश सुकलाय. इथं परत रंगात बुडवलाय. हे कुणीतरी हातानं लिहिलंय.”

“मशीन लिहितं, भाई.”

तिने त्यांच्यासमोर एकाखाली एक वीस र टाइप केले आणि प्रिंट दिली. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. पहिला र ठसठशीत होता, पाचवा फिकट, नवव्यात ब्रशच्या केसांचे नुसते ओरखडे. तिथे प्रिंटर थांबला.

ती वायर बघायला वाकली. नासिरभाईंनी हात आडवा घातला.

“थांबा,” ते हळूच म्हणाले. “बुडवतोय.”